एक हातमोजा, रंग आठवत नाही

तुर्कूच्या धक्क्यावर, बोटींच्या तिकीटखिडकीमागे
हरवल्या-सापडल्या वस्तूंचं आमचं दफ्तर आहे.
मी तिथली प्रोग्रामर. वस्तूंना मी हात लावत नाही,
त्यांना शोधणाऱ्या प्रश्नांना लावते.

माणसं अर्धवट आठवणी घेऊन येतात.
छत्री, बहुधा निळी. चष्मा, मंगळवारची बोट.
म्हणून प्रश्न आधी लिहून ठेवता येत नाही,
समोरचा बोलेल तसा तो जावामध्ये रचत जावा लागतो.
रंग सांगितला तर रंगाची अट,
तारीख सांगितली तर तारखेची.
आठवत नसेल तर ती अट लावायचीच नाही.
'रंग आठवत नाही' आणि 'रंग नाही'
यांत केवढं अंतर आहे,
हे कळायला मला पहिलं वर्ष लागलं.

आणि कुणी काहीच सांगितलं नाही
तर हरवलेलं सगळंच्या सगळं समोर येतं.

फेब्रुवारीत ताउनो ह्युर्कास आले. तिसऱ्यांदा.
बायकोचा एक हातमोजा. डावा. लोकरीचा.
रंग? त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. नाही आठवत.
पडद्यावर वर आलं: बारा सापडले.
खाली मोजले तर नऊ.
"उरलेले तीन कुठे आहेत?" त्यांनी विचारलं,
इतक्या हळू, की माझी चोरी पकडल्यासारखं झालं.

चोरी साधीच. मोजणारा प्रश्न वेगळा, यादी आणणारा वेगळा,
अटी त्याच, दोन ठिकाणी उतरवलेल्या.
'परत नेलेल्या वस्तू वगळा' ही ओळ
कुणीतरी एकीकडे घातली, दुसरीकडे विसरलं.
कुणीतरी म्हणजे मीच.

रात्री बसले. यादीच्या प्रश्नातून तयार अटी उचलल्या,
जशाच्या तशा मोजणीच्या प्रश्नात ठेवल्या.
फुटलं. लाल अक्षरांची उतरंड.
अट म्हणत होती, मी या घरची नव्हे,
माझं मूळ त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

वेइक्को, निवृत्तीला अकरा दिवस उरलेला माणूस,
डब्यातला राईचा पाव मोडत म्हणाला,
"भाजलेला पाव नव्या पिठात मळतेस होय?
घरी आपण पाव नाही जपत, विरजण जपतो.
आणि त्या विरजणाला आपल्या भाषेत म्हणतात काय?"

युरी. मूळ.

मग तयार अटी पुसल्या. अट लावायची रीत तेवढी ठेवली,
एका छोट्या फंक्शनात, हात पुढे करून उभी:
दे तुझं मूळ, त्यावर अटी मी चढवते.
मोजणीनं आपलं मूळ दिलं, यादीनं आपलं.
अटी दोन्हीकडे नव्यानं रचल्या गेल्या, एकाच हातच्या.

सकाळी वर नऊ, खाली नऊ.
मी उगाचच तीनदा मोजले.

गुरुवारी ह्युर्कास आले. सिर्पानं नऊ मोजे टेबलावर मांडले.
त्यांनी एकही हातात चढवून पाहिला नाही,
फक्त बोटांची टोकं चाचपली.
"हिनं अंगठ्याला रफू केलं होतं," म्हणाले. "यांत नाही."
मग खुर्चीत जरा मागे रेलून,
"डावा होता की उजवा, खरं तर तेही आता..."

मी डाव्याची अट काढली.
एकवीस. खालीही एकवीस.
सिर्पा चहाला गेली होती.
खोकं आणायला मीच उठले.