नव्वद अंश

मांडीतली शीर काढून
गुडघ्यात ओवली म्हणे डॉक्टरनं.
माय विचारते, मांडीला कमी नाही पडणार?

आर्णीहून यवतमाळ, मंगळवारची एसटी.
पाय बाकाबाहेर लांब,
कंडक्टर आता न बोलता ओलांडून जातो.

नेरकर मॅडम कोनमापक लावतात.
बहात्तर. नव्वद पाहिजे.
भूमितीत कधी इतका जीव टांगला नव्हता.

घरी घोट्याला तुरीच्या डाळीची पिशवी.
उचल, धर, दहापर्यंत मोज.
सातावर पाय लटपटतो,
भिंतीवरची पाल बघत राहते.

संध्याकाळी शाळेमागं चुन्याच्या रेघा.
माझ्या चौकोनात ट्विंकल मेश्राम बसते,
खो मिळाला की डावा पाय आधी टाकते, येडी.
कुंपणाशी उभी मी ओरडते, उजवा!

पुढच्या खेपेला
उजवाच टाकते ती.

घरी येऊन मी
पिशवीत आणखी एक मूठ डाळ घालते.