डोळ्यासमोर, पण झोताबाहेर

माहितीपत्रकात लिहिलंय : डोळ्यासमोर लावा,
पण वाऱ्याच्या झोताबाहेर.
म्हणजे नेमकं कुठे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी तीन संध्याकाळी घेतल्या.
सातपूरच्या शेडमध्ये, अजून पंख न लावलेल्या
माझ्या विमानात बसून,
हात असा पुढे, मान अशी,
ऊन डावीकडून आलं तर आकडा दिसेल का.
काडेपेटीहून जरा मोठं यंत्र.
मुश्ताक म्हणाला, काका,
लोक गणपती बसवतानाही एवढं मोजत नाहीत.

एकतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात
दुसऱ्यांची विमानं जोडली.
दर बोल्टवर लाल रेघ, दर रेघेमागे कुणाची तरी सही.
इथे जोडणारा मी, तपासणाराही मी,
म्हणून रात्री उठून पुन्हा बघायला येणाराही मीच.

इंजिनाच्या तापल्या नळीभोवती
पत्र्याचं एक जाकीट असतं.
त्यातली हवा पायाशी सोडली की थंडीत बरं वाटतं.
नळीला केसाएवढी चीर गेली
तरी बरंच वाटत राहतं.

नाशकात वासांची वानवा नाही.
द्राक्षबागेवर धुरळलेला गंधक,
अंबडच्या पेंटशॉपमधला थिनर,
निफाडकडे पारा पडला की बागांतून पेटणाऱ्या शेकोट्या :
सगळे आपापली वर्दी देऊन येतात.
याला वास नाही, रंग नाही, साधा ठसका नाही.
एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकावा
तसा हा रक्तात जागा धरतो
आणि प्राणवायू दारात लोंबकळत उभा.

कुमुदचा भाचा, निखिलेश.
पाथर्डी फाट्यावर भाड्याची खोली,
बाथरूममध्ये गॅसचा गिझर,
गारठा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा.
परीक्षेचा दिवस होता.
दार तोडलं तेव्हा बादली भरून वाहत होती,
पाणी कोमट.
गाल गुलाबी, म्हणून किती तरी वेळ
सगळे त्याला हलवून उठवत राहिले.

पुठ्ठा मी कापून दिला होता.
मापात. फटसुद्धा ठेवली नव्हती.

पहिल्यांदा इंजिन चालवलं त्या दिवशी
शेपूट खुंट्याला बांधलेली, चाकांपुढे लाकडी ठोकळे.
हिटर उघडला.
शून्य. शून्य.
मग नऊ. मग एकवीस.
समोर मुश्ताक हसून अंगठा दाखवतोय.
चौपन्नला यंत्र किंचाळलं,
इंजिनाच्या गदारोळात लांबवरच्या टिटवीएवढं,
पण लाल दिवा दिसला.
तीन संध्याकाळी फुकट गेल्या नव्हत्या.

नळी शाबूत निघाली.
थ्रॉटलची तार जिथून आत येते
तिथे करंगळी जाईल एवढं भोक,
मीच पाडलेलं, मीच बुजवायचं विसरलेलं.
आता तिथे लाल सीलंटचा गोळा आहे, ओबडधोबड,
एवढ्या नोकरीला न शोभणारा.
दुसऱ्यांदा चालवलं. पाऊण तास.
शून्यच.

परवानगीचा कागद दिल्लीहून आलेला नाही.
विमान आहे तिथे आहे.
रोज दिवेलागणीला मी यंत्र वेल्क्रोवरून सोडवतो,
शर्टाच्या खिशात घालून घरी नेतो,
सकाळी बाथरूमबाहेरच्या खुंटीला अडकवतो.
कुमुद काही विचारत नाही.
गॅसचा गिझर काढून आम्हाला अकरा वर्षं झाली,
पाणी विजेवर तापतं,
मोजायला इथे काही नाही.

तरी तिची आंघोळ होईपर्यंत
मी स्टुलावर बसून असतो
त्या एका आकड्यासमोर.