रिकामी खेप

उद्या सव्वासहाला, तिळामळच्या तिठ्यावर.
ग्लेंडानं तीनदा बजावलंय, शर्यत नाही,
गप्पा मारत जायचं, कुणाला मागे टाकायचं नाही,
तरी सगळ्यांना ठाऊक आहे
चढ दिसला की सर्वानंद सर हे सगळं विसरतात
आणि वर पोहोचून
आपणच थांबून राहिल्यासारखे दम खात बसतात.

अंगणात सायकल उलटी करून ठेवली आहे,
पोट दाखवत लोळणाऱ्या मांजरीसारखी.
डाव्या हातानं पेडल फिरवते,
साखळीच्या कडीकडीवर तेलाचा थेंब,
दात घासायच्या जुन्या ब्रशनं
खाचांतली माती काढते.
ती निघते. बोटांवर जाऊन बसते.

सोप्यावर मांडलंय सगळं:
दोन ट्यूब, ठिगळं, सुकत आलेलं सोल्यूशन,
टायर काढायची एक पट्टी
(दुसरी रिवणच्या ओहोळात पडली,
तिच्या जागी आईचा एक स्टीलचा चमचा,
आईला अजून कळलेलं नाही),
मीठ-साखरेची पुडी, सालदाटी केळी सहा,
आणि पोदेराकडून संध्याकाळीच घेतलेल्या पोया.
सकाळी त्याचा भोंगा वाजेल
तेव्हा मी गेलेली असेन.

पप्पा बघतायत. बोलत नाहीत.
बावीस वर्षं त्यांनी याच वाटेवर टिपर हाकला,
कोळंबच्या खाणीतून सावर्ड्याच्या जेटीवर,
दिवसाला सहा खेपा, कधी सात,
घरी यायचे तेव्हा पापण्यासुद्धा तांबड्या.
खाण बंद पडली, वाट उरली.
डांबर केव्हाच उखडलं, आता नुसती खडी,
मधल्या पट्ट्यात गवत,
आणि रविवारी आम्ही पाच-सहा जण
हेल्मेटं घालून.

चवथीला एकदा म्हणाले होते,
"त्या वाटेनं मजेसाठी जाता?
मी तिथं मजेसाठी हॉर्नसुद्धा वाजवला नाही."
सगळे हसले. तेही हसले, जरा उशिरा.

"हवा किती भरलीस?"
"पस्तीस."
उठून आले. टायर अंगठ्यानं दाबून पाहिला,
बाजारात नीरफणस दाबतात तसा.
"सोड थोडी. खडी सुटी आहे, दगडावर उडशील."
मी वॉल्व्ह दाबला. सुस्कारा ऐकून
कुत्र्यानं मान वर केली.
"अजून."
काट्यावर अठ्ठावीस.
हाच आकडा मी काल मोबाइलवर वाचला होता,
कुठल्याशा थंड देशातल्या माणसानं लिहिलेला.
पप्पांना सांगितलं नाही.

मग पायरीवर बसून
बोटानं हवेत रस्ता काढत राहिले.
वजनकाट्याच्या केबिननंतर तिसरं वळण,
आतून घेऊ नको, कडेला पाणी मुरतं,
वरून कोरडं दिसतं, खाली लोणी.
"तिथंच शांबाचा..."
बोट हवेत राहिलं.
"पाणी जास्त घे. वर नळ नाही."

मी तिसरी बाटली भरून आणली.

"भरून जाणार की रिकामी?"
हा त्यांचा जुना प्रश्न, खाणीवरचा.
पिशवी उचलून दाखवली,
केळी, पोया, चमचा खणखणला.
"रिकामीच म्हणायची," म्हणाले,
"रिकामी गाडी जास्त उडते. उतारावर सांभाळ."

ट्रंकेतून एक फडकं आणलं,
टिपरच्या सीटमागं असायचं ते,
आणि मी नुकतीच लखलखीत केलेली सायकल
नळीनळीनं पुसत गेले, अगदी मन लावून.
फडकं कित्येकदा धुतलेलं,
तरी पांढऱ्या रंगावर
फिकट तांबडा एक पट्टा उमटलाच.

त्यांना चष्म्याशिवाय दिसला नसावा.
मी दिवा मालवला.
गजर साडेचारचा लावलाय.
आतून त्यांचा आवाज: "पाचला उठवू?"
"नको," म्हटलं. मग म्हटलं, "उठवा."