खरवड

तीन आठवडे झाले, मी रंग लावते आहे
आणि लावलेला रंग काढते आहे.
हेरंब म्हणतो, आठशे पौंडांचं नवंकोरं कपाट
पॉलिश पेपरने खरवडणारी
घराण्यात तू पहिलीच.
आमच्याकडे खरवड म्हणजे दुधाच्या पातेल्याच्या बुडाची,
तिच्यावरून आम्ही भावंडं भांडायचो.

हेब्डन ब्रिजला घरं चढावर एकमेकांच्या खांद्यावर बसलेली.
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर
खालच्या आळीची धुराडी.
दुकानातला मुलगा म्हणाला, जुनं दिसायला हवं,
जुनाट नको.
त्याने डबा दिला, रंगाचं नाव बदकाचं अंडं.
आधी गडद हात, मग मेणबत्ती घासायची इथे तिथे,
मग फिका हात, मग पेपर.
मेण असेल तिथून रंग आपण होऊन सुटतो.

मी मेण घासलं मनाला येईल तिथे.
सकाळी कपाट उभं होतं
गोवर आलेल्या पोरासारखं.

शेजारच्या मिसेस अकरॉइड बघायला आल्या.
ब्याऐंशी वर्षं, एक काठी, तीही बहुधा काखेतच.
चष्मा पुसला, वाकल्या, पुन्हा पुसला.
"हे वापरलेलं नाही, पोरी," म्हणाल्या,
"ह्याला कुणीतरी मारलंय."

मग मला त्यांच्या घरी नेलं.
हिरवी कपाटं. त्रेसष्टच्या हिवाळ्यात नवऱ्याने
गिरणीच्या दारांचा उरलेला रंग आणून फासला होता,
त्यानंतर ब्रश नाही लागला.
बघ, म्हणाल्या.
मुठीच्या खाली चार बोटांएवढं उघडं लाकूड,
डाव्या अंगाला जास्त, त्या डावऱ्या.
गुडघ्याच्या उंचीवर एक गोल, बशीएवढा:
दोन्ही हातांत भांडी असली
की दार गुडघ्याने लोटायचं.
खाली कोपऱ्यात नखांचे ओरखडे,
ती सॅली, ब्याण्णव साली गेली,
बिस्किटं त्या खणात असत.

वरचं उजवं दार मात्र कालच रंगवल्यासारखं.
एक टवका नाही.
"इथे काय?"
"काचेचे पेले. सहा. पाहुण्यांसाठी."
मी पुढे विचारलं नाही.
त्यांनी किटली चढवली, डाव्या हाताने.

घरी येऊन सगळं पुन्हा एकसारखं रंगवलं,
गुळगुळीत, लाज वाटेल इतकं.
मग पेन्सिल कानावर खोचून
गॅस न पेटवता वीस वेळा चहा केला.
हात टेकेल तिथे खूण करायची, एवढंच.
हात टेकलाच नाही कुठे दोनदा.
मिठासाठी तो डावीकडे गेला,
मीठ डावीकडे होतं ते लीड्सच्या भाड्याच्या खोलीत.
चमच्यांसाठी गेला खाली,
तो तर त्याही आधीचा खण.
दोन वर्षं झाली ह्या घरात
आणि माझा हात अजून पाहुणा.

मेणबत्ती परत खणात ठेवली,
वीज जाते तेव्हा लागेल.

रविवारी सोलकढीसाठी खोवणी काढली,
टेबलाच्या कडेला लावून स्क्रू आवळला,
नारळ जून होता, जोर लागला.
सोडवली तर खाली लाकडात
दोन दात, शेजारी शेजारी, खोल.
"टेबल!" हेरंब ओरडला.

मिसेस अकरॉइड दारातच होत्या, वाटीत रुबार्ब घेऊन.
जवळ आल्या. अंगठा फिरवला
त्या दोन खळग्यांवरून, सावकाश,
जसं कुणाच्या नव्या दाताला हात लावावा.
"हं," म्हणाल्या. "एक झालं."

जाताना उरलेला पॉलिश पेपर मागितला.
मी म्हटलं, तुम्हाला कशाला?
म्हणाल्या, वरचं उजवं दार
फुगून बसलंय, उघडत नाही.
मग पायरीवर थांबून, मागे न वळता:
"पेले सहा आहेत.
तुम्ही दोघंच आलात तरी चालेल."