अंदाजे किंमत

टेबलावर चारशे चाळीस पानांचं नियमपुस्तक,
खिडकीबाहेर नॉर्थ डाकोटाचा बर्फ,
त्याला कुठलंच पोटकलम लागू नाही.

मी धावत नाही, उडी मारत नाही.
कॉलेजात कुणी कुणाला काय दिलं, ते बघतो.
टी-शर्ट दिला का, दिला तर कितवा.
प्रशिक्षकाच्या बायकोनं केक केला
तो सगळ्या संघासाठी, की एकट्या गोळाफेकवाल्यासाठी.
मला बघून लोक ताट झाकतात.

वरच्या काचेच्या खोलीत विश्वस्तांनी
फुटबॉल मैदानाला नवे दिवे मंजूर केले,
खांबांवर देणगीदाराचं नाव असेल.
पोहण्याचा संघ मात्र ‘पुढील विचारापर्यंत’ स्थगित.
तो विचार कुणी करायचा, हे इतिवृत्तात नाही.
तलाव रिता व्हायला तीन दिवस लागले.
तळाशी केसांच्या पिना निघाल्या, ओंजळभर,
आणि कुणाचा तरी दात.

मंगळवारी रात्री केझाया बॅलन्टाइन दारात.
साठ मीटर अडथळे, दुसरं वर्ष, गणितात कच्ची.
ज्यांनी वाढवलं त्या आजोबांना घरघर लागलेली,
विमान पहाटे पाच चाळीसचं,
बस केव्हाच गेलेली.
“सर म्हणाले, मला नेता येत नाही, ऑर्विलना विचार.”

पान दोनशे अकरा उघडलं.
मिटलं.
किल्ल्या घेतल्या.

एकशे दहा मैल. हीटर फक्त माझ्या बाजूचा चालणारा,
म्हणून माझा कोट तिच्या गुडघ्यांवर.
पंपावर दोन कॉफी, एक डोनट.
अर्धा तिनं कागदात गुंडाळून ठेवला,
कुणासाठी, ते विचारलं नाही.

सकाळी आठला अर्ज भरायला बसलो, माझ्याच विरुद्ध.
नियमभंग करणारा: ऑर्विल टेव्हेट.
हुद्दा: नियमपालन अधिकारी.
लाभाचं स्वरूप: पेट्रोल, कॉफी, डोनट.
लाभाची अंदाजे किंमत:
इथे पेन बराच वेळ थांबलं.
कोट धरायचा का?
एकतीस डॉलर.

उत्तर नवव्या दिवशी आलं. मला समज.
तिनं मात्र तेवढी रक्कम धर्मादाय भरावी,
भरेपर्यंत शर्यत नाही.

केझाया अंत्यविधीहून परतली ती शुक्रवारी संध्याकाळी.
सोमवारी तिनं एकतीस डॉलर मोजले, चिल्लरसकट,
आणि पावती मागितली.
मी दिली. सही नीट आली नाही.

मधल्या शनिवारी शर्यत झाली.
सहाव्या गल्लीत अडथळे मांडलेलेच होते.
बंदुकीचा बार झाला,
ते तसेच उभे राहिले,
पाचही.