सेकंदाला बारा

मी पडद्यांचा माणूस.
दिवाळी सरली की वडशाला
जंगल, महाल, तुरुंग, रस्ता,
वीस फुटी मांजरपाटावर, डिस्टेंपरनं.
पडद्यातलं एखादं झाड कधी हललं नाही.
वारा आला तर अख्खं जंगलच हलायचं.

आता काचेखाली बल्ब लावून बसतो.
खोब्रागडे मॅडमची डॉक्युमेंट्री आहे.
एका बाईची. गावाचं नाव घ्यायचं नाही,
चेहरा दाखवायचा नाही,
आणि त्या रात्रीचा फोटो तर कुणाकडंच नाही.
"कॅमेरा तेव्हा पोचला नव्हता," मॅडम म्हणाल्या,
"तुमची पेन्सिल आता पोचेल का?"
सेकंदाला बारा चित्रं.
मी हिशेब केला:
एक हुंदका म्हणजे दोन दिवसांचं काम.

बाईनं नाव बदलून मागितलं, तेही स्वतःच निवडून.
"मैनावती ठेवा. नाटकात होती एक,
महालापुढं उभी राहायची."
तो महाल माझाच असेल.
बोललो नाही.

आवाज मात्र तिचाच ठेवलाय. हेडफोनात येतो:
"मंडईच्या दुसऱ्या दिवशी पोराले ताप चढला.
मंग कोनीतरी म्हनलं, हिचीच नजर.
मंग कोनीतरी नाही,
सारेच म्हनले."
प्रत्येक अक्षराला ओठ जोडायचे असतात.
मिटलेले ओठ मला लवकर जमले.

कागद घेऊन जातो, ती चुका काढते.
खांब लाकडाचा नव्हता, लोखंडी होता, गार होता.
(गार कसं काढायचं?)
कंदील कुठले, बॅटऱ्या होत्या, तीन सेलच्या, नव्या.
लुगडं फाटलं होतं, पण तू फाटलेलं काढू नको.
दोरी बैलाची. "आमच्याच कोठ्यातली."
ती सांगते, मी खोडतो,
खोडरबराचा चुरा तिच्या ओसरीवर पडतो
आणि ती तो पदरानं झाडून टाकते.

माणसांचे चेहरे काढू नका, वकील म्हणाले.
म्हणून नुसते दुपट्टे काढले, आणि पाय.
पायांवरून तिनं दोघांना ओळखलं.
मग पायही बदलावे लागले.

"हातपंप इतका नेमका कसा जमला तुम्हाला?"
मॅडमनी एकदा विचारलं.
"उजवीकडं कललेला, दांड्याला तार गुंडाळलेली."
अंदाजानं, मी म्हणालो.

मी नऊ वर्षांचा होतो. हातपंपामागं.
हातात अर्धं खाल्लेलं सीताफळ.
आई चल म्हणाली तरी गेलो नाही,
बघायचं होतं.

तो पोरगा काढावा की नाही, यात आठ दिवस गेले.
शेवटी काढला. गर्दीच्या कडेला,
पिवळा सदरा, दोन्ही हात पाठीमागं.
ती किती तरी वेळ कागद बघत राहिली.
चहावर साय आली.
"हा पोट्टा होता," म्हणाली.
"यानंच पानी आनलं होतं मले, जर्मनच्या गिलासात.
हात समोर घे त्याचे."

आणलं नव्हतं.
कुणीच आणलं नव्हतं.
विसरली असेल, की दुसरंच कुणी पोर होतं,
की तिनं मला केव्हाच ओळखलंय
आणि हे
मला विचारता येत नाही.
मॅडम म्हणतात, साक्ष तिची आहे,
ती म्हणते तसंच काढा.

रात्रीचे दोन. लाइन गेलीय,
इन्व्हर्टरवर बल्ब मंद जळतो.
पहिल्या चित्रात हात पाठीमागंच.
चौथ्यात एक कोपर बाहेर येतं.
सीताफळ कुठं ठेवू?
सोडून देतो हातातून. पडायलाही त्याला तीन चित्रं लागतात.
मग गिलास, काठोकाठ, हिंदकळणारा.
पाणी मला येतं. नद्यांचे पडदे खूप केलेत.

हातपंपापासून खांबापर्यंत अकरा पावलं.
पावलाला सहा चित्रं.
सहासष्ट कागद मोजून उजव्या हाताला ठेवले.
साडेपाच सेकंद होतील,
जे झालेच नाहीत.

पेन्सिलीला टोक काढतोय.