मग

पहाटे चार चाळीसला फोन थरथरतो उशाखाली,
आज शिफ्ट आहे.
किंवा थरथरत नाही.
नवऱ्याची झोप दोन्हीने मोडते.

वेलिंगबरोच्या सँडविच कारखान्यात
कायमवाल्यांच्या डोक्याला निळी जाळी,
एजन्सीवाल्यांच्या नारिंगी.
केस सगळ्यांचेच झाकलेले,
पण कुणाला नावाने हाक मारायची
आणि कुणाला नुसतं 'ए, टोमॅटो',
ते लांबून कळतं.

मी टोमॅटो. दोन चकत्या,
पट्टा पुढे, दोन चकत्या.
माझ्यापुढे यूर्गिता, काकडी.
तिच्यापुढे यंत्र, ते तारीख छापतं.
सँडविचला तीन दिवसांची हमी!
त्यावरून आम्ही दोघी एकदा इतक्या हसलो
की पट्टा थांबवावा लागला.

जेवणाच्या खोलीत मगांची फळी आहे.
मॉरीनचा, कान तुटलेला, सव्वीस वर्षं तिथेच.
डेरेकचा, फुटबॉलवाला.
एक वारलेल्या माणसाचा, तो कुणी हलवत नाही.
आमचे मग पारदर्शक पिशवीतून
आमच्याबरोबर येतात आणि आमच्याबरोबर जातात.
तसा नियम कुठे लिहिलेला नाही.

आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत.
दोन वाजता गेटच्या फिरत्या दांड्याशी
रोज तोंडातून निघतं, येते.
मॉरीनने एकदा अर्थ विचारला.
सांगितला, तर म्हणाली,
पण तू तर चाललीयेस, पोरी.

एका गुरुवारी माझा मग धुतला
आणि फळीवर ठेवला.
पौंडाच्या दुकानातला, पिवळा,
मॉरीन आणि तो वारलेला यांच्या मध्ये.
मॉरीनने पाहिलं.
आपला बोटभर सरकवला.

शुक्रवारी फोन थरथरला नाही.
सोमवारीही नाही.
मग केटरिंगला बुटांची खोकी,
मग डॅव्हेंट्रीला रात्रपाळी, शाम्पू,
मग तीन आठवडे काहीच नाही,
मग.

मार्चमध्ये यूर्गिता भेटली बसथांब्यावर,
जाळी अजून नारिंगीच.
म्हणाली, तुझा मग आहे तिथे.
दर शुक्रवारी मॉरीन आपल्याबरोबर धुते.
नवीन पोरीने त्यातून चहा घेतला
तर हातातून काढून घेतला तिने.
कुणाचा आहे, विचारलं पोरीने.

यूर्गिताला तो शब्द नीट जमत नाही,
मॉरीनला तर त्याहून नाही.
पण म्हणाली म्हणे,
येटे.